गोळीचे नाव आणि मुलीचे दुखणे



रत्नागिरीकडच्या एका आईचे पत्र आले आहे. मुलगी सतरा वर्षांची, बारावीत. पाळीचे पहिले तीन दिवस अंथरुणातून उठत नाही. तासा-दीड तासाने पॅड बदलावे लागते, गाठी पडतात, उलट्या होतात. सोनोग्राफी नॉर्मल आली. शेवटी स्त्रीरोगतज्ज्ञांनी रोजच्या गोळ्या लिहून दिल्या. पाकीट देताना मेडिकलवाला सहज म्हणाला, ‘‘या पाळणा लांबवायच्या गोळ्या आहेत.’’ आईने पाकीट कपाटात ठेवून दिले. सासूबाई म्हणतात, निकाह झाला, एक मूल झाले की आपोआप थांबेल. आईचा प्रश्न साधा आहे : बिनलग्नाच्या मुलीला ही गोळी द्यावी का?

मी डॉक्टर नाही. पण हजेरीपट रोज माझ्या हातात असतो. दर महिन्याला त्याच मुली दोन-तीन दिवस गैरहजर असतात आणि रजेच्या चिठ्ठीत ‘ताप’ लिहिलेले असते. हा कसला ताप, ते चिठ्ठी लिहिणाऱ्या आईला आणि वाचणाऱ्या बाईंना, दोघींनाही ठाऊक असते.

पाळीत थोडेफार दुखतेच. पण शाळा बुडावी, उलट्या व्हाव्यात इतके दुखणे नेहमीचे नव्हे. 80 मिलिलीटरपेक्षा जास्त रक्त जाणे म्हणजे अतिस्राव, असे पुस्तकात असते; घरी कोण मोजणार? म्हणून खुणा लक्षात ठेवायच्या : एक-दोन तासांत पॅड भिजणे, सात दिवसांहून जास्त पाळी चालणे, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडणे, रात्री कपडे खराब होणे. अशा मुलीचे हिमोग्लोबिन तपासावेच. 12 च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर देऊ नका, लिंबूपाण्याबरोबर द्या. केवळ खजुरावर ही तूट भरत नाही. पहिल्या पाळीपासूनच असा स्राव होत असेल, तर रक्त गोठण्यात काही दोष आहे का, हेही डॉक्टरांना विचारावे.

एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी पेशींची वाढ बाहेर, म्हणजे अंडाशयावर, नळ्यांवर, आतड्याजवळ होणे. जगात दहातल्या जवळपास एका स्त्रीला हा आजार असतो. पाळीच्या हार्मोन्सबरोबर ही वाढही दर महिन्याला सुजते, तिच्यातून रक्तस्राव होतो आणि आतले अवयव एकमेकांना चिकटू लागतात. सोनोग्राफीत हे पुष्कळदा दिसत नाही. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल, मुलगी नाटक करते’ हा निष्कर्ष चुकीचा आहे.

आता गोळीविषयी. या गोळ्यांतले हार्मोन बीज बाहेर पडणे थांबवतात आणि अस्तर पातळ ठेवतात. त्यामुळे रक्त कमी जाते, दुखणे कमी होते. गर्भ न राहणे हा त्याच कामाचा दुसरा परिणाम. पाकिटावर कोणते नाव छापले आहे, यावरून औषधाचा हेतू ठरत नाही. हजला किंवा उमऱ्याला जाताना पाळी पुढे ढकलायची गोळी आपल्याकडे कितीतरी बायका घेतात. तीही हार्मोनचीच असते आणि तिच्याबद्दल कोणी कुजबुजत नाही! गोळ्यांनी पुढे मूल होत नाही, ही भीतीही निराधार आहे. गोळी बंद केली की पाळी आणि बीज तयार होणे पुन्हा सुरू होते. लग्नाने किंवा बाळंतपणाने मात्र हा आजार बरा होत नाही.

एंडोमेट्रिओसिससाठी डायनोजेस्ट नावाची 2 मिलिग्रामची गोळीही रोज देतात. तिने पहिले काही महिने अधूनमधून डाग लागतात. ही औषधे आजार मुळातून काढत नाहीत, ताब्यात ठेवतात. सोडल्यावर दुखणे परतू शकते. ज्यांना मूल हवे आहे, त्यांच्यासाठी हा उपाय नाही. रक्तदाब, पायात रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास किंवा डोळ्यांपुढे चमकणारी अर्धशिशी असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे. दोन हार्मोनची गोळी अशांना चालत नाही. गोळी चालू असताना एक पाय सुजला, छातीत दुखले किंवा दम लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

चाळिशीतल्या भगिनींसाठी हार्मोनची तांबी हा चांगला पर्याय आहे. साध्या तांबीने रक्त वाढू शकते, हिने उलट पुष्कळ कमी होते आणि ती काही वर्षे चालते. गर्भपिशवी काढण्याचा सल्ला पहिल्याच भेटीत मिळाला, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या किती तरुण बायांच्या पिशव्या काढल्या गेल्या, ते 2019 मध्ये महाराष्ट्राने पाहिले आहे. मात्र पंचेचाळिशीनंतर अनियमित रक्त जात असेल, तर गोळीआधी तपासणी हवी.

नमाजचा प्रश्नही पत्रात आहे. हजरत फातिमा बिन्ते अबी हुबैश (रजि.) यांनी न थांबणाऱ्या रक्ताविषयी थेट प्रेषितांना (स.) विचारले होते, आणि हे हैज नव्हे, असे उत्तर त्यांना मिळाले. त्या विचारताना लाजल्या नाहीत. हनफी मतानुसार हैज जास्तीत जास्त दहा दिवस, शाफई मतानुसार पंधरा. त्यापुढचे रक्त इस्तिहाजा. त्यात नमाज आणि रोजा माफ होत नाही, प्रत्येक नमाजच्या वेळी वजू करावा लागतो. आपल्या कोकणात बहुतेक शाफई, घाटावर हनफी. म्हणून मैत्रिणीचा हिशेब आपल्याला लावू नये. गोळीमुळे लागणाऱ्या डागांबद्दल जाणकार आलिमाला तारखा दाखवून विचारावे.

तेव्हा रत्नागिरीच्या ताई, पाकीट कपाटातून काढा, पण गोळी कोणत्या दिवशी सुरू करायची ते डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. वेळ मगरिबनंतरची ठेवा, म्हणजे रमजानमध्येही बदलावी लागणार नाही. तीन महिने वहीत तारीख, पॅडची संख्या आणि दुखणे लिहून ठेवा. पुढच्या भेटीत तीच वही डॉक्टरांपुढे ठेवा. मेडिकलवाला पुन्हा काही म्हणाला, तर मुलीच्या पोटदुखीचे औषध आहे, एवढे सांगितले की पुरे.