वर्क व्हिसा नाकारला, कोर्टात जाता येते का? आधी नकार कुणाला मिळाला ते पाहा

कुंडल-पलूस पट्ट्यातला मुलगा सांगलीत किंवा पुण्यात इंजिनीअर होतो, दोन-तीन वर्षे नोकरी करतो आणि मग परदेशातली ऑफर येते. ऑफर हातात असूनही वर्क व्हिसा नाकारला गेला, तर घरात पहिला प्रश्न निघतो : आता कोर्टात जायचे का? एजंट लगेच ‘हो’ म्हणतो. खरे उत्तर थोडे लांब आहे. कोर्टात जाता येते, पण प्रत्येक नकारावर नाही. अनेकदा तो हक्क तुमचा नसून कंपनीचा असतो. आणि कोर्ट सहसा व्हिसा देत नाही.

नकार कोणत्या पायरीवर?

अमेरिकेच्या एच-१बी व्हिसासाठी आधी तिथली कंपनी यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याकडे अर्ज करते. तो मंजूर झाल्यावरच उमेदवार मुंबईतल्या वकिलातीत मुलाखतीला उभा राहतो. ऑस्ट्रेलियात पायऱ्या तीन आहेत : कंपनीला स्पॉन्सर म्हणून मान्यता, मग त्या पदाचे नॉमिनेशन आणि शेवटी उमेदवाराचा व्हिसा. नकार कंपनीच्या अर्जाला मिळाला, तर दाद मागणारी सहसा कंपनीच असते. तिने ‘जाऊ दे’ म्हटले की विषय संपला.

कोर्ट काय तपासते?

कोर्ट म्हणजे नवा पेपर घेणारा परीक्षक नव्हे. जुना पेपर नियमाप्रमाणे तपासला गेला का, एवढेच ते पाहते. अधिकाऱ्याने कायदा नीट लावला का? पुरावे वाचले का? कारण दिले का? बाजू मांडायची संधी दिली का? चूक सापडली तर नकार रद्द होतो आणि फाइल बहुधा त्याच खात्याकडे परत जाते. योग्य कारण देऊन पुन्हा नकारही येऊ शकतो.

लढून काय मिळाले?

इनोव्हा सोल्युशन्स या कंपनीला एका पदवीधर भारतीयाला प्रोग्रामर म्हणून घ्यायचे होते. अमेरिकी कामगार खात्याच्या पुस्तिकेत बहुतेक प्रोग्रामरकडे पदवी असते असे लिहिलेले असूनही, या कामाला पदवी लागतेच असे नाही, म्हणून अर्ज फेटाळला गेला. डिसेंबर २०२० मध्ये नाइन्थ सर्किट अपील न्यायालयाने हा नकार मनमानी ठरवला.

त्याआधी १० मार्च २०२० रोजी वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायालयाने आयटीसर्व्ह अलायन्स या आयटी कंपन्यांच्या संघटनेच्या बाजूने निकाल दिला. ग्राहक कंपनीकडे माणूस पाठवणाऱ्यांकडून संपूर्ण काळाच्या कामाचे तपशील मागण्याचे धोरण त्यात टिकले नाही. नॅशनल फाउंडेशन फॉर अमेरिकन पॉलिसी या संस्थेच्या विश्लेषणानुसार नव्या एच-१बी अर्जांतील नकार २०१८ च्या आर्थिक वर्षात २४ टक्के होते, ते २०२१ मध्ये ४ टक्क्यांवर आले. त्यात या कोर्टकचेरीचा वाटा मोठा होता.

दार कुठे बंद?

वकिलातीच्या खिडकीवर. कंपनीचा अर्ज मंजूर होऊनही मुलाखतीनंतर व्हिसा नाकारला गेला, तर अमेरिकी न्यायालये सहसा हात घालत नाहीत. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये हे तत्त्व पुन्हा उचलून धरले. त्या खटल्यात व्हिसा नाकारलेल्या माणसाची पत्नी अमेरिकी नागरिक होती, तरीही उपयोग झाला नाही.

मुदत किती?

ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसाला भारतातून अर्ज करून नकार मिळाला, तर फेरतपासणी मागायला २८ दिवस असतात. त्यानंतर न्यायालयीन पुनर्विलोकनासाठी जास्तीत जास्त ३ महिने. कॅनडाबाहेर झालेल्या निर्णयाविरुद्ध तिथल्या फेडरल कोर्टात ६० दिवसांत जावे लागते आणि आधी कोर्टाची परवानगी लागते. ऑस्ट्रेलियात कोर्टासाठी ३५ दिवस आहेत. ‘बघू, दिवाळी झाल्यावर’ म्हणेपर्यंत ही मुदत निघून जाते.

मग करायचे काय?

नकाराचे पत्र स्वतःकडे घ्या. एजंटाने तोंडी सांगितलेले कारण चालणार नाही. कंपनीने केलेल्या अर्जाची प्रतही मागा. नकार आला तर कंपनी लढणार का आणि खर्च कोण करणार, हे ऑफर स्वीकारतानाच लेखी विचारा. व्हिसा हातात येईपर्यंत इथल्या नोकरीचा राजीनामा देऊ नका. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार नोंदणी बंधनकारक आहे. त्याची फी ३० हजार रुपये अधिक जीएसटी, यापेक्षा जास्त असू शकत नाही. नाव ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. ‘कोर्टातून व्हिसा काढून देतो’ म्हणणारा माणूस कोर्टाला जमत नाही ते विकतो आहे.

या व्यवस्थेतली खरी खोट मात्र वेगळी आहे. ज्याने घर, नोकरी आणि कर्ज पणाला लावले, तोच बहुतेक वेळा खटल्यात पक्षकार नसतो. प्रतिसरकारच्या काळात कुंडलने स्वतःची न्यायव्यवस्था उभी राहताना पाहिली आहे. ज्याचे नुकसान होणार, त्याचे ऐकून घ्यावे, ही मागणी या गावाला नवी वाटू नये. भारत सरकार इतर देशांशी व्यापार आणि मनुष्यबळाचे करार करताना व्हिसांच्या संख्येवर बोलते. नकाराचे लेखी कारण आणि उमेदवाराला स्वतः दाद मागण्याचा हक्क, या दोन गोष्टीही त्या टेबलावर आल्या पाहिजेत.