पत्ता बदललेले यंत्र

यंत्र अडले की आपण प्रथम यंत्राला दोष देतो, नंतर ते हाताळणाऱ्या माणसाला. कारण शोधण्याची पाळी सर्वांत शेवटी येते. या उलट्या क्रमापायी मी एकदा चांगलाच ओशाळलो.

आमच्या इंदुरातल्या सरकारी शाळेतली ही गोष्ट. जुलैचे दिवस; रात्री पावसाने वीज जाऊन आलेली. सकाळी एक पालक मुलीला घेऊन शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले. त्यांची बदली बडोद्यास झाली होती आणि गाडी संध्याकाळची होती. दाखला संगणकात तयार होता, पण प्रिंटर काही केल्या छापेना. त्याचा दिवा हिरवा, आणि संगणकाच्या पडद्यावर मात्र ‘ऑफलाइन’ हा एकच शब्द! “काल तुम्हीच काहीतरी हलवले असेल,” असे मी आमच्या तरुण लिपिकास सर्वांदेखत बोललो.

तो काही बोलला नाही. त्याने प्रिंटरच्याच बटणांवरून नेटवर्कची माहिती देणारे पान छापले. पान स्वच्छ निघाले. म्हणजे शाई, कागद, यंत्र सारे निर्दोष. त्या पानावरील आयपी पत्त्याच्या शेवटी १४ हा आकडा होता. संगणकातील नोंदीत होता ९. राउटर जोडलेल्या प्रत्येक यंत्रास पत्ता वाटून देतो. वीज जाऊन आल्यावर हे वाटप कधीकधी नव्याने होते. प्रिंटरचे बिऱ्हाड हलले होते आणि संगणक जुन्याच घराची कडी वाजवीत बसला होता! नवा पत्ता नोंदताच दाखला बाहेर आला. पुढे लिपिकाने राउटरमध्ये तो पत्ता प्रिंटरसाठी कायमचा राखून ठेवला.

घरीही हाच क्रम उपयोगी पडतो. आधी राउटर बंद करून सुरू करावा, दोन-तीन मिनिटांनी प्रिंटर, मग संगणक. दोन्ही यंत्रे एकाच वाय-फायवर आहेत ना, हे पाहावे; एक पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या जोडणीवर असेल, तर त्यांची गाठ सहसा पडत नाही. पुष्कळ घरगुती प्रिंटरांना २.४ गिगाहर्ट्झचीच लहर कळते, ५ ची नाही. प्रिंटरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्यास राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, असे समजावे. आणि छापण्याची आज्ञा पुनःपुन्हा देऊ नये. त्या साऱ्या रांगेत साचतात. अडकलेली आज्ञा रद्द करून एकदाच नव्याने द्यावी.

दाखल्यावर सही करून मी तो मुलीच्या हाती दिला. मग ज्यांच्यादेखत बोललो होतो, त्यांच्यादेखतच लिपिकाची क्षमा मागितली. तो संकोचून म्हणाला, “सर, वीज गेली होती, एवढेच.” एवढेच होते खरे, पण ते मी आधी विचारायला हवे होते.