काढा, झोंप आणि लस

पौषांत सकाळीं घाटकोपर किंवा मुलुंडच्या स्टेशनावर उभें राहावें, म्हणजे धुरकें जमिनीलगत कसें दाटतें तें दिसतें. मग वर्गावर्गांतून खोकला सुरू होतो आणि घरोघरीं काढे उकळूं लागतात.

काढ्यास माझा विरोध नाहीं. आवळा तर अवश्य खावा. त्यांतील क जीवनसत्त्व शरीरास लागतेंच. मात्र त्यानें पडसें टळतें, असें सिद्ध झालेलें नाहीं. उलट, अपुरी झोंप घेणारास सर्दी लवकर जडते, हें प्रयोगांत दिसून आलें आहे. जो मुलगा शिकवणीपायीं बारापर्यंत जागून पहाटे पांचला उठतो, त्याच्या शरीरानें रोगाशीं झुंजावें तरी कसें?

शिवाय ‘नैसर्गिक’ या शब्दाची भुरळ फार. २०२२ च्या नोव्हेंबरांत घाटकोपरहून जवळच असलेल्या गोवंडींत गोवराची साथ आली, मुलें दगावलीं. साथींत सांपडलेल्या पुष्कळ मुलांस लस मिळालेली नव्हती. लस तरी काय करिते? शरीराच्या अंगच्या शक्तीसच शत्रु ओळखावयास शिकविते. १८९७ सालीं याच मुंबईंत डॉ. हाफकिन यांनीं प्लेगची लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली होती.

पालकहो, लसीकरणाचें कार्ड एकदां काढून पाहा. झोंपेविषयीं मात्र सारा दोष तुमचा नव्हे. आम्हीं शिक्षकांनीं दिलेला गृहपाठहि त्यांत आहे.