काठी नको, मच्छरदाणी हवी!



मृगाचा पाऊस जवळ आला, की खेडोपाडी घराघरांतून आवराआवर सुरू होते. छपरावरची कौले चाळली जातात, सरपण आणि गोवऱ्या पडवीत रचल्या जातात, धान्य कोरड्या जागी हलवले जाते. या तयारीत एक गोष्ट मात्र राहून जाते, ती म्हणजे सर्पदंश टाळण्याची तयारी. कोणी विचारलेच, तर ‘काठी आहे की कोपऱ्यात!’ असे उत्तर मिळते. माझ्या मते हे उत्तर चुकीचे आहे. ते चुकीचे का, हे तुम्ही समजून घ्या आणि घरच्यांनाही समजावून सांगा.

प्रथम हा प्रश्न केवढा आहे ते पाहू. २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मरण पावली, असा अंदाज संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू! त्यांत पाव हिश्श्याहून अधिक मृत्यू १५ वर्षांखालील मुलांचे, म्हणजे तुमच्याच वयाच्या मुलामुलींचे होते. बहुतेक दंश खेड्यांत होतात, आणि त्यांचे प्रमाण जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत वाढते.

पावसाळ्यातच असे का व्हावे? साप काही माणसाचा सूड घेण्यासाठी येत नाही. त्याच्या बिळात पाणी शिरते, म्हणून तो कोरडी जागा शोधतो. धान्याच्या वासाने उंदीर घरात येतात, दिव्याच्या उजेडाला किडे येतात, किड्यांमागे बेडूक आणि पाली येतात, आणि या साऱ्यांच्या मागोमाग साप येतो. म्हणजे सापाला आमंत्रण आपणच दिलेले असते. एक साप काठीने मारला, तरी हे आमंत्रण तसेच राहते. उद्या दुसरा येतो. शिवाय साप मारायला किंवा पकडायला जाणारा माणूस त्याच्या अगदी जवळ जातो आणि नेमका तेव्हाच दंश होण्याचा धोका असतो.

महाराष्ट्रात माणसाला प्रामुख्याने धोका असतो तो नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांपासून. फुरसे कोकणातील कातळावर आणि दगडांखाली आढळते. घोणस शेतात, गवतात असते. परंतु झोपलेल्या माणसाच्या दृष्टीने सर्वांत घातक आहे ती मण्यार. रंगाने चकचकीत काळी आणि अंगावर बारीक पांढऱ्या पट्ट्यांच्या जोड्या. ती रात्री हिंडते. भक्ष्य शोधता शोधता जमिनीवरील अंथरुणात शिरते आणि झोपलेला माणूस कुशीवर वळला, की चावते. तिचे दात इतके लहान असतात, की मुंगी किंवा डास चावल्यासारखे वाटते. पुष्कळदा जागही येत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होऊन मिटतात, गिळता येत नाही. मण्यारीचे विष मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारे संदेश अडवते. शेवटी श्वासोच्छ्वासाचे स्नायूही थांबतात.

म्हणूनच पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपलेला मुलगा सकाळी अचानक पोटदुखीने आणि जड पापण्यांनी उठला, तर ‘काही तरी बाधले असेल’ म्हणून ओवा देत बसू नये. अंगावर दंशाची खूण दिसली नाही, तरी तडक दवाखाना गाठावा.

अशा दंशापुढे काठीचा काय उपयोग? उपयोग आहे तो मच्छरदाणीचा. तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचल्या, तर डास आणि साप दोघेही बाहेर राहतात. नेपाळच्या तराई भागातील एका पाहणीत मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झाल्याचे दिसून आले. ही पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. कोणी म्हणेल, ‘सगळ्यांना खाटा कुठून आणायच्या?’ आक्षेप खरा आहे. खाट असेल तर उत्तमच. पण नसेल, तर जमिनीवरही मच्छरदाणी लावता येते. बाकीच्या गोष्टींना तर पैसाही लागत नाही. सरपण घरापासून दूर रचावे, मोरीच्या तोंडाला जाळी बसवावी, भिंतीतली बिळे बुजवावीत, अंथरूण झटकून मगच झोपावे. आणि रात्री अंगणात जाताना हातात बॅटरी, पायात चप्पल हवीच.

आता मांत्रिकाविषयी. ‘अमक्याच्या मंत्राने विष उतरले’ असे तुम्ही ऐकले असेल. थोडे गणित करून पाहा. समजा, मांत्रिकाकडे १० माणसे आली. आपल्याकडचे बहुसंख्य साप बिनविषारी आहेत. विषारी सापही काही वेळा विष न सोडता नुसताच चावतो. तेव्हा १० पैकी ७ जणांच्या अंगात विष गेलेच नव्हते, असे धरू. हे ७ जण मंत्राविनाही जगलेच असते. गावात बोलबाला होतो तो या ७ जणांचा. उरलेल्या ३ जणांचे मात्र मोलाचे तास वाया जातात. मण्यारीच्या विषाने मज्जातंतूंची टोके एकदा बिघडली, की औषधानेही ती लगेच सुधारत नाहीत. म्हणून औषध लवकर मिळणे हेच महत्त्वाचे.

हे औषध म्हणजे प्रतिसर्पविष. घोड्यांना सर्पविषाच्या अत्यल्प मात्रा टोचून त्यांच्या रक्तात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांपासून ते बनवतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी पिढ्यान् पिढ्या जोडले गेले आहे. भारतात मिळणारे प्रतिसर्पविष वरील चारही सापांच्या विषावर चालते. म्हणून दवाखान्यात दाखवण्यासाठी साप मारून किंवा पकडून नेण्याची गरज नाही.

दंश झालाच, तर रुग्णाला धीर द्या. अंगठी, बांगड्या काढा. मोडलेल्या हाडाला बांधतात तशी पट्टी बांधून तो हात किंवा पाय हलू देऊ नका. करकचून दोरी आवळू नका, जखम चिरू नका, विष चोखू नका. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करा किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालयात न्या.

सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची राष्ट्रीय योजना २०२४ साली जाहीर झाली आहे. पण योजना दिल्लीत ठरली, तरी साप येतो तो आपल्या अंथरुणात. म्हणून प्रत्येक शाळेने पावसाळ्यापूर्वी एक काम करावे, असे मला वाटते. जवळच्या कोणत्या आरोग्य केंद्रात प्रतिसर्पविष आहे, तेथे रात्री डॉक्टर असतात का, आणि पोहोचायला किती वेळ लागतो, याची चौकशी करून एक नकाशा काढावा आणि तो गावाच्या चावडीवर लावावा. औषध नसेल, तर ग्रामपंचायतीला तसे पत्र लिहावे. नकाशा काढणे, चौकशी करणे, पत्र लिहिणे हे सारे तुम्हाला शाळेत शिकवतातच. ते शिकलेले या पावसाळ्यात कामी आणा, आणि आज रात्री झोपण्यापूर्वी धाकट्या भावंडांचे अंथरूण तेवढे झटकून द्या.