डाएट रात्री बिघडत नाही, दुपारीच बिघडतं! संध्याकाळच्या 'दुप्पट खाशी'चं गणित काय?

संध्याकाळी साडेसहा. तीर्थपुरीच्या मुख्य रस्त्यावर भज्यांची कढई तापलेली असते. मिरची भजी, मुगाची भजी, कागदावर शेव, वरून तळलेली मिरची, सोबत कटिंग. गाड्यापाशी उभ्या असलेल्यांपैकी एक-दोघे तरी सकाळी पाचला अंबड रोडला 'वॉक'ला गेलेले असतात आणि सकाळचा नाष्टाही त्यांनी टाळलेला असतो. दुपारी एकच पोळी खाल्ली, हे ते अभिमानाने सांगतात. आणि आता हातात भज्यांची दुसरी प्लेट.

मी त्यातलाच एक. डेस्कवरच्या नोकरीने तीन वर्षांत माझं वजन ७४ वरून ८९ किलोवर नेलं. गेल्या वर्षी मी चार वेळा डाएट सुरू केलं. चारही वेळा ते सकाळी आठला सुरू झालं आणि रात्री साडेआठला संपलं.

तुमचंही असंच होत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. माझं म्हणणं एका वाक्यात असं: संध्याकाळी तुटून पडणं हा इच्छाशक्तीचा प्रश्न कमी आणि दिवसभराच्या उपासमारीचा जास्त आहे. 'मनावर ताबा ठेवा' एवढाच सल्ला देणारे डॉक्टर, जिमवाले आणि रील्सवाले मूळ प्रश्नाला हातच घालत नाहीत.

आपल्याकडे याला म्हण आहे

'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपण चेष्टेने वापरतो, पण तिच्यात निरीक्षण पक्कं आहे. दिवसभर दाबून ठेवलेली भूक कुठेही जात नाही. ती व्याजासकट परत येते, आणि येते तेव्हा तिला काकडी-गाजर नको असतं. तिला साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, तूप हवं असतं.

मी इंजिनिअरिंग केलंय. पोटापाण्यासाठी त्याचा फारसा उपयोग झाला नाही, पण मोजायची सवय राहिली. पाचव्या वेळी डाएट सुरू न करता मी नऊ दिवस फक्त लिहून ठेवलं: काय खाल्लं, किती वाजता, अंदाजे किती कॅलरी. संध्याकाळी सहापर्यंत माझ्या पोटात साधारण ७०० कॅलरी जायच्या. सहानंतर दीड हजाराच्या आसपास. म्हणजे मी 'कमी' खात नव्हतो. मी सगळं एकाच बाजूला ढकलत होतो, आणि त्या बाजूला शेव, फरसाण आणि बिस्किटं होती.

शेवेचंच बघा. १०० ग्रॅम शेवेत ५०० ते ५५० कॅलरी असतात. टीव्हीसमोर बसून ६० ग्रॅम शेव सहज संपते, ती संपल्याचं कळतही नाही. म्हणजे तीनशेच्या वर कॅलरी. सकाळी तासभर चालून साधारण तेवढ्याच जळतात. पहाटेचा वॉक संध्याकाळच्या एका वाटीत जमा!

शरीराचं घड्याळही रात्रीच्याच बाजूने

बरं, दोष फक्त दुपारच्या जेवणाचा नाही. अमेरिकेत फ्रँक शीर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १२ निरोगी माणसांना १३ दिवस मंद प्रकाशाच्या प्रयोगशाळेत ठेवलं आणि झोपेच्या-जेवणाच्या वेळा मुद्दाम सरकवत नेल्या, जेणेकरून शरीराच्या आतल्या घड्याळाचा परिणाम वेगळा दिसावा. आतल्या घड्याळानुसार भूक सकाळी आठच्या सुमारास सगळ्यात कमी आणि रात्री आठच्या सुमारास सगळ्यात जास्त होती. गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची ओढही त्याच वेळी वाढलेली.

याचा अर्थ, सकाळी नाष्टा टाळणं सोपं जातं ते आपण निर्धारी असतो म्हणून नाही. त्या वेळी भूकच कमी असते. सकाळचा तो निर्धार आपण रात्रीच्या हिशेबात धरतो, आणि तिथेच फसतो.

झोप कमी असेल तर आणखी भर. २००४ मधल्या शिकागोच्या एका छोट्या अभ्यासात १२ तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. पोट भरल्याचा संदेश देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं. रात्री एकपर्यंत मोबाईल बघून सकाळी पाचला वॉकला उठणाऱ्यांनी, म्हणजे मीही, हे आकडे जरा दोनदा वाचावेत.

मग रात्रीचं जेवण बंद करायचं का? इथे थोडं सावध राहायला हवं. 'रात्री खाल्लेलं सगळं चरबी होतं' हे वाक्य व्हॉट्सअपवर फिरत असतं. स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ३० जाडसर व्यक्तींना आधी चार आठवडे सकाळी भरपूर आणि मग चार आठवडे संध्याकाळी भरपूर असा, किंवा याच्या उलट क्रमाने, पण एकूण तेवढ्याच कॅलरींचा आहार दिला. वजन दोन्ही वेळा जवळपास सारखंच घटलं. फरक पडला तो भुकेत. सकाळी भरपूर खाणाऱ्यांना दिवसभर भूक कमी जाणवली. म्हणजे रात्रीच्या भाकरीत काही विष नसतं. पण दिवसा नीट जेवलेला माणूस रात्री स्वतःला आवरू शकतो, न जेवलेला आवरू शकत नाही. प्रयोगशाळेत ताटात मोजून अन्न मिळतं. आपल्या घरात डबा उघडा असतो.

दीक्षित की दिवेकर?

महाराष्ट्रात वजनाचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचवला. कडक भूक लागते तेव्हा, दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवा. मधे काही नाही. आणि रोज ४५ मिनिटं चाला. दुसरीकडे ऋजुता दिवेकर सांगतात की थोड्या थोड्या वेळाने घरचं, आपल्या मातीतलं खा, आणि संध्याकाळी चार ते सहाच्या दरम्यान काहीतरी पोटभरीचं खा. २०१८ च्या सुमारास मराठवाड्यात तर लग्नाच्या पंगतीतही लोक यावरून भांडायचे. वाढप्याला कोणाच्या ताटात काय वाढावं कळायचं नाही.

माझं मत दोन्ही बाजूंच्या भक्तांना आवडणार नाही. दोन्ही पद्धती संध्याकाळच्या त्याच भगदाडावर बोट ठेवतात. एक ते भगदाड कुलूप लावून बंद करते, दुसरी त्यात आधीच काहीतरी भरून ठेवते. दोन वेळा जेवण्याची पद्धत ज्यांना लागू पडली, ते दुपारी पोटभर जेवणारे होते, असं मला माझ्या ओळखीच्या लोकांत दिसलं. ज्यांनी 'दोनदाच' हे लक्षात ठेवलं आणि 'पोटभर' विसरले, ते रात्री नऊला फ्रीजसमोर उभे. एक गोष्ट मात्र ठणकावून सांगतो: मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असेल तर डॉक्टरांना न विचारता जेवण गाळू नका. साखर एकदम खाली जाऊ शकते. तीर्थपुरीहून मोठा दवाखाना गाठायला जालना किंवा छत्रपती संभाजीनगरची वाट धरावी लागते, हे लक्षात असू द्या.

घड्याळ कोणाच्या हातात आहे?

शहरी डाएट चार्ट इथे कसा कोसळतो, ते आता सांगतो. 'संध्याकाळी सातच्या आत जेवा.' छान. पण आमच्या भागात शेतीपंपाची वीज रात्रपाळीत आली की माणूस दहाला शिवारात जातो. गावाजवळ समर्थ सहकारी साखर कारखान्याचं सागर युनिट आहे. गाळपाच्या हंगामात कामगार पाळ्यांत असतात, उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला तर रांगेत नंबर कधी लागेल हेच माहीत नसतं. सातच्या आत जेवलेल्या माणसाला रात्री बाराला भूक लागणारच, आणि रस्त्यावर त्या वेळी मिळतं काय? चहा, खारी, पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट.

आमच्या एका मामांनी यावर स्वतःच तोड काढली. रात्रपाळीची वीज असते त्या आठवड्यात ते घरून निघताना पूर्ण जेवत नाहीत. अर्धी भाकरी, भाजी घरी. उरलेली भाकरी, ठेचा, मूठभर शेंगदाणे आणि कांदा फडक्यात बांधून सोबत. विहिरीवर अकराला खातात. कोणत्याही आहारतज्ज्ञाने त्यांना हे सांगितलेलं नाही.

आणि घरातल्या बायका? त्यांचं कोणी विचारतच नाही. माझी आई सकाळी चहा घेते, मग सगळ्यांचे डबे, मग दारात आलेल्याला चहा आणि त्याच्यासोबत पुन्हा तिचा अर्धा कप. जेवायला अडीच-तीन. तेही उरलेलं, गार, उभ्याउभ्या. सोमवार, चतुर्थी, एकादशी वेगळ्या. रात्री सगळे जेवल्यावर ती बसते आणि पातेल्यातला भात 'टाकायचा कशाला' म्हणून स्वतःच्या ताटात घेते. 'दिवसभरात मी खाते तरी किती?' हे तिचं वाक्य खरं होतं. तरी कंबर वाढत गेली आणि गेल्या वर्षी रिपोर्टमध्ये साखर आली. डॉक्टरांनी छापील कागद दिला. त्यावर दुपारी चारला 'एक सफरचंद' होतं. आमच्या घरात दुपारी चारला सफरचंद कोणी स्वतःसाठी चिरलेलं मला आठवत नाही.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज आहे की देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर आहेत, आणि पोटाचा घेर जास्त असणाऱ्यांचं प्रमाण ३९.५ टक्के. घरात शिलाईची टेप असेल तर मोजून बघा. पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची मर्यादा. वजनकाट्यापेक्षा ही टेप जास्त खरं बोलते.

मग मी काय बदललं?

सुरुवात दुपारपासून केली, रात्रीपासून नाही. एकच्या आत जेवण. दोन भाकरी किंवा पोळ्या, आणि मटकी, हरभरा, मुगाचं घट्ट वरण, अंडी किंवा पिठलं यांपैकी काहीतरी भरपूर. सोबत दही किंवा ताक. पहिले तीन दिवस हे 'जास्त' वाटलं, अपराधी वाटलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला कढईचा वास आला आणि मी चक्क पुढे निघून गेलो. खरं सांगतो, त्यात माझा काही पराक्रम नव्हता. भूकच नव्हती.

पाच-साडेपाचला ठरवून काहीतरी खातो. भाजलेले फुटाणे, उकडलेल्या शेंगा, एखादं फळ, कधी वाटीभर सुशीला. मराठवाड्याबाहेरच्यांसाठी: भिजवलेल्या मुरमुऱ्यांना दिलेली फोडणी. शेव पूर्ण बंद केली नाही. मागे बंद केली होती तेव्हा तिसऱ्या दिवशी पाव किलो आणली होती. आता ती सुशीलावर चिमूटभर पडते, पण डबा माळ्यावर गेलाय. हाताला लागेल तिथे शेंगदाण्यांची बरणी आली. शेंगदाण्यांतही कॅलरी कमी नाहीत, म्हणून मूठ मोजूनच.

उशिराची पाळी असलेल्या दिवशी माझा अजूनही बट्ट्याबोळ होतो. रात्री दहाला ऑफिस सुटतं, बाहेर अंडा बुर्जी असते, मित्र असतात. अशा दिवशी मी आठलाच डबा उघडतो. कधी जमतं, कधी ब्रेकिंग न्यूज येते. सात महिन्यांत ६ किलो उतरले. रीलवाले एका महिन्यात १० म्हणतात, त्यांना शुभेच्छा.

एक वेगळी गोष्ट इथे सांगायलाच हवी. पोट भरलेलं असूनही हात थांबत नाही, लपून खाल्लं जातं, नंतर स्वतःची घृणा वाटते, किंवा झोपेतून उठून खाल्ल्याशिवाय पुन्हा झोपच लागत नाही, असं वारंवार होत असेल तर दुपारच्या मटकीने ते सुटणार नाही. हे वैद्यकशास्त्राला ठाऊक असलेले आजार आहेत. रात्री उठून खाण्याच्या आजाराचं वर्णन अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५५ मध्येच केलं होतं. यावर उपचार होतात. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. 'खादाड' म्हणून हसण्यावारी नेलेल्या एखाद्या मुलीला किंवा काकांना हा नंबर द्या.

आईचं अजून पूर्ण जमलेलं नाही. माणसं जेवायची राहिली असताना आपण आधी बसायचं, हे तिला पचायला सफरचंदापेक्षा जड आहे. आता बाबांनी एक केलंय, दुपारी एकला स्वतः ताट घेताना ते दोन ताटं घेतात. परवा फोनवर विचारलं, जेवलीस का? म्हणाली, 'हो, सव्वा वाजताच. तुझे बाबा उठूच देईनात. भाकरी गरम होती बरं का.'