गोळी पोचली, आता ताट पोचवा

तुमच्या गावात, तुमच्या वस्तीत, कदाचित तुमच्याच चाळीत आज कुणीतरी उपाशीपोटी टीबीची गोळी घेतली आहे. तपासणी फुकट झाली. औषधही सरकारी दवाखान्यातून फुकट मिळालं. आशाताई येऊन विचारपूस करून गेल्या. पण ताटात नुसता भात आणि पाण्यासारखी आमटी, तीही एका वेळची. अशा पोटी गोळ्या घेतल्या की मळमळतं, गरगरतं. ‘गोळ्या गरम पडतात’ म्हणत माणूस एक दिवस चुकवतो, मग दोन दिवस, मग सोडूनच देतो. अर्धवट सोडलेला टीबी उलटतो. पुढे नेहमीच्या गोळ्यांना तो दाद देईनासा होतो. म्हणून चौकशी करा. उद्या नको, आज करा.

जगातल्या दर चार क्षयरुग्णांपैकी साधारण एक आपल्या देशात आहे. वर्षाला तीन लाखांच्या आसपास माणसं या आजारानं जातात, आणि हा आजार बरा होणारा आहे. मग ही माणसं का जातात? कुणाचं निदान उशिरा होतं, कुणाला उपचार अर्धवट मिळतात. आणि अनेकांच्या अंगात आजाराशी लढायला काही उरलेलंच नसतं. एकाच केंद्रातून एकच गोळी घेणारे दोन रुग्ण डोळ्यांसमोर आणा. एकाच्या घरी दूध, अंडी, डाळ आहे, भरपगारी रजाही आहे. दुसरा हमाल आहे. काम थांबलं त्या दिवशी त्याची चूल थांबली. दवाखान्यानं दोघांना सारखं वागवलं. घरी गेल्यावर दोघांचं नशीब वेगळं झालं.

ही दरी अन्नानं भरून निघते, हे पारखून पाहिलेलं आहे. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात २,८०० रुग्णांना औषधाबरोबर दरमहा सुमारे दहा किलो शिधा दिला गेला: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. त्यांतले पाचांपैकी चार जण आधीच कुपोषित होते. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. काही रुग्णांच्या घरच्यांनाही माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ मिळाली. त्या घरांत नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. डाळ-तांदळानं हे केलं. डाळ-तांदूळ तर तुम्हीही देऊ शकता.

तेव्हा निक्षय मित्र व्हा. टीबीच्या रुग्णाला शिधा पुरवू इच्छिणाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२२पासून ही सरकारी योजना आहे. एका रुग्णाची निदान सहा महिन्यांची पोषणाची जबाबदारी घ्या. मोठ्या माणसाला महिन्याला काय लागतं, ते लिहून घ्या: तीन किलो धान्य, दीड किलो डाळ, पाव किलो तेल, आणि एक किलो दूध पावडर किंवा शेंगदाणे. जमलं तर तीस अंडी. किराणा दुकानात बसून हिशेब करा. चौघांनी हॉटेलात एकदा साधं जेवावं, तेवढ्याच्या आसपास रक्कम येईल. एकट्याला जड वाटतं? भिशीतल्या बायका मिळून करा. गणेश मंडळानं करा. बचत गटानं, तालमीनं, सोसायटीनं करा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पालिकेच्या दवाखान्यात जाऊन नाव नोंदवा. रुग्णाची संमती ते घेतील. तुम्ही फक्त शिधा वेळेवर द्या, आणि देताना फोटो काढू नका.

‘पण रेशन मिळतंच की,’ असं म्हणाल. मिळतं. प्राधान्य गटातल्या कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य, तेही मोफत. पण ते गहू-तांदूळ असतात. अंगावर मांस धरायला लागणारी डाळ, तेल, अंडी विकतच आणावी लागतात, आणि कमावता माणूस अंथरुणाला खिळलेला असतो. आई आजारी असेल तर आणखी कठीण. तिच्या वाट्याचं अंडं ती लेकराच्या ताटात घालते आणि आपण भाकरी-मिरचीवर भागवते. म्हणून पूर्ण घराचा विचार करा. घरच्यांनाही शिधा द्यायची मुभा निक्षय मित्र योजनेत आता आहे.

शेजारी म्हणून एवढं विचारा: ‘पोषणाचे पैसे खात्यावर आले का?’ नोव्हेंबर २०२४पासून रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत सरकारकडून महिन्याला १,००० रुपये मिळतात, आधी ५०० मिळत. कुणाचं खातं बंद पडलेलं असतं, कुणाचं आधार जोडलेलं नसतं. सोबत बँकेत जा. फॉर्म भरून द्या. रेशनकार्डावर सुनेचं, नातवंडाचं नाव नसेल तर चढवायला मदत करा. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली का, तेही बघा. मोलकरीण आजारी असेल तर तिचा पगार कापू नका. तोच पगार तिचं औषध पचवतो.

आता वेळेचा हिशेब बघा. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा. ऊसतोडीचा हंगामही दिवाळीनंतर जवळजवळ तेवढाच चालतो. बीडहून ऊसतोड मजुरांचा कोयता निघतो आणि गोळ्यांचं पाकीट मध्येच संपतं. शिधा गावात, रुग्ण फडात. मुकादमांनो, बागायतदारांनो, साखर कारखान्यांच्या संचालकांनो, तुमच्या हातात खूप आहे. फडावर खोकणारं माणूस दिसलं तर त्याला जवळच्या आरोग्य केंद्रात न्या. उपचार दुसऱ्या जिल्ह्यात पुढे चालू ठेवता येतात. रेशनही गावाबाहेरच्या दुकानातून उचलता येतं. हे मजुरांना सांगा आणि मिळवून द्या.

आणि कुणाचं ताट वेगळं ठेवू नका. टीबी हवेतून पसरतो. ताटातून, पेल्यातून नाही. खिडकी उघडी ठेवा, खोकताना तोंडावर रुमाल धरायला सांगा, पण पंगतीतून उठवू नका. दूर लोटलेलं माणूस आजार लपवतं, आणि लपवलेला आजार घरातल्या लहानग्यापर्यंत पोचतो.

पहिले दोन महिने फार मोलाचे असतात. आज ज्याच्या हातात गोळ्यांचं पाकीट पडलं, त्याचे दोन महिने आजपासूनच मोजले जात आहेत. सभा भरण्याची वाट बघू नका. २४ मार्चच्या क्षयरोग दिनाची वाट बघू नका. कुणीतरी दुसरं करेल, असं तर मुळीच म्हणू नका. १८००११६६६६ हा टीबीचा मोफत हेल्पलाइन क्रमांक आहे. आत्ता लावा. या महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत आणखी एका माणसाचा शिधा लिहा, आणि सहा महिने ती ओळ खोडू नका.