मूळ कागद दाखवावा, सोपवू नये

पारपत्रासाठी अर्ज करताना आपल्यापैकी बहुतेकांना नागरिकत्वाचा प्रश्न जाणवतही नाही. परंतु अर्जात एक रकाना असतो: नागरिकत्व जन्माने, वंशाने, नोंदणीने की देशीयकरणाने मिळाले? शेवटच्या दोहोंपैकी एक पर्याय निवडणाऱ्यास त्याचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. ठाणे जिल्ह्यात या रकान्यामागे मोठा इतिहास आहे.

फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. पाकिस्तानातून आलेल्यांसाठी राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने १९ जुलै १९४८ ही सीमारेषा ठरवली. त्यानंतर आलेल्यांना नागरिकत्वासाठी अधिकाऱ्याकडे नोंदणी करणे भाग होते. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातील अल्पसंख्याकांच्या नागरिकत्वाबाबतचे अधिकार डिसेंबर २०१६ मध्ये काही जिल्हाधिकाऱ्यांना देण्यात आले. त्यांत मुंबई, पुणे व नागपूरसह ठाण्याचाही समावेश होता.

या प्रमाणपत्राचे मोल एका पिढीपुरते नाही. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेल्यास, मोजके अपवाद वगळता, जन्मानेच नागरिकत्व मिळाले. १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्याच्या आईवडिलांपैकी एक जण भारतीय असणे आवश्यक ठरले. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही भारतीय, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला, अशी अट आहे. म्हणजे डोंबिवलीत जन्मलेल्या आजच्या महाविद्यालयीन तरुणाचे नागरिकत्व वडिलांच्या किंवा आईच्या कपाटातील कागदावर अवलंबून असू शकते.

आधार आहे, मग काळजी कशाला, हा समजही फोल आहे. ठाण्यात राहणाऱ्या एका कथित बांगलादेशीचा जामीन नाकारताना मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. अमित बोरकर यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले की, केवळ आधार, पॅन वा मतदार ओळखपत्र असल्याने कोणी भारताचा नागरिक ठरत नाही. नागरिकत्वाचा निर्णय १९५५ च्या कायद्यानुसारच होतो.

म्हणूनच मूळ प्रमाणपत्र जपणे महत्त्वाचे. पारपत्र सेवा केंद्रात पहिल्या खिडकीवर कागदपत्रे स्कॅन होतात, दुसऱ्या खिडकीवर पडताळणी होते आणि तिसऱ्या खिडकीवरील अधिकारी निर्णय घेतो. मूळ प्रत पाहून अर्जदाराला परत दिली जाते. त्यामुळे ‘मूळ कागद आमच्याकडे ठेवून जा’ असे सांगणाऱ्या दलालाला थेट नकार द्यावा. पोलीस पडताळणीच्या वेळीही मूळ प्रत दाखवावी आणि स्वसाक्षांकित छायाप्रत द्यावी.

जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नये, त्यावर शाईने दुरुस्ती तर मुळीच करू नये. स्पष्ट स्कॅन करून प्रमाणपत्राचा क्रमांक व दिनांक वेगळा नोंदवून ठेवावा. कागद हरवल्यास पोलिसांत तक्रार नोंदवून तो देणाऱ्या कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा.

मात्र सारा भार नागरिकावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. प्रमाणपत्र ज्या नोंदवहीवरून दिले, ती वही शासनाचीच. जुन्या नोंदींचे संगणकीकरण करून त्यांची पडताळणी सुलभ केली, तर एका जीर्ण कागदावर तीन पिढ्यांचे भवितव्य टांगून ठेवण्याची वेळ येणार नाही.